राजवाड्याबाहेरचा कट्टा

बाई काठी टेकत ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी फोन पुढे केला. फोनमध्ये फ्लॉरेन्समधल्या एका राजवाड्याचा फोटो होता.

"मला हे घर हवंय," त्या म्हणाल्या.

त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कुवेती, वय सत्तरच्या पुढेमागे, काळ्या अबायाखाली जाड तळव्यांचे डॉक्टरी बूट. सोबत त्यांचा चाळिशीचा मुलगा होता. जुनं घर पाडून त्याच प्लॉटवर नवं बांधायचं होतं. मुलाने फोटोकडे न बघताच सांगितलं, "इटालियन स्टाईल. पॅलेस."

"नो प्रॉब्लेम," आमचे सर म्हणाले.

सर म्हणजे ऑफिसचे मुख्य आर्किटेक्ट. पुण्याचे, कुवेतमध्ये पाव शतक काढलेले. मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन होते. माझी पदवीही आर्किटेक्चरचीच, कोल्हापूरच्या कॉलेजची. पण नवऱ्याच्या मागे इथे आले तेव्हा कागदांवरचा कुठला तरी एक शिक्का कायम कमी पडत राहिला. नवरा हॉस्पिटलात व्हेंटिलेटर आणि डायलिसिसची मशिनं दुरुस्त करतो. त्याच्या डिप्लोमाला इथे मान होता. माझ्या पदवीला नव्हता. वर्क परमिटवर माझा पेशा 'रस्साम', म्हणजे ड्राफ्ट्समन, असा पडला. अरबीत त्याचा अर्थ चित्रं काढणारा असाही होतो. मला दोन्ही अर्थांनी राग यायचा.

इटालियन स्टाईल म्हणजे काय, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. कॉम्प्युटरवर त्या नावाचं फोल्डरच होतं. त्यात खांब, खांबांच्या डोक्यावरची पानं, अर्धे घुमट, माना वळवलेले दोन सिंह. सगळं साच्यातून काढलेलं सिमेंट. भिंत बांधून झाली की बाहेरून चिकटवायचं. आम्ही राहतो त्या अब्बासियाहून ऑफिसला येताना बसमधून मी अशी घरं रोज बघायचे. त्यातली निदान पाच तरी माझ्याच हातची होती.

सरांनी तो फोटो मला पाठवला. "फोल्डरमधून टाक. गुरुवारपर्यंत दे."

मी फोटो मोठा करून पाहिला. त्यात राजवाडा जेमतेम होता. खालचे खडबडीत दगड, एका खिडकीचे गज, आणि भिंतीच्या पायथ्याशी लांबच लांब दगडी कट्टा. कट्ट्यावर बायकांची पर्स, पाण्याची बाटली आणि काढून ठेवलेला एक बूट. जाड तळव्याचा.

राजवाडा मी लगेच ओळखला. तिसऱ्या वर्षाला वास्तुकलेचा इतिहास शिकवायला ज्या बाई होत्या, त्या कधी इटलीला गेल्या नव्हत्या. पण त्यांनी आम्हाला त्या राजवाड्याची दर्शनी बाजू शाईने काढायला लावली होती, आणि माझी दोनदा परत केली होती. "तुझे तिन्ही मजले सारखेच आलेत. डोळे उघडून बघ," असं म्हणून. तिसऱ्यांदा काढताना मी डोळे उघडले ते आजवर.

हा राजवाडा राजाचा नव्हे. त्या काळी फ्लॉरेन्सला राजाच नव्हता. सावकारीवर गब्बर झालेल्या एका घराण्याने तो बांधला. गावात चालायचं त्यांचंच, पण नावाला ते साधे नागरिक. म्हणून श्रीमंती दाखवायची तीही बेताने. असं सांगतात, की आधी एका मोठ्या वास्तुकाराने फारच भव्य नकाशा करून आणला होता आणि लोकांच्या डोळ्यांत खुपेल म्हणून मालकाने तो नाकारला. मग दुसऱ्याने हा बांधला. खालच्या मजल्याचा दगड फुगीर, ओबडधोबड, डोंगरातून नुकताच फोडून आणल्यासारखा. मधल्या मजल्याचा सपाट, फक्त सांधे दिसणारा. सगळ्यात वरचा गुळगुळीत. वर जाऊ तसे मजले बुटके होत जातात. आणि सगळ्याच्या डोक्यावर पुढे झुकलेला, जुन्या रोमन देवळांसारखा, भलामोठा दगडी छज्जा. म्हणजे खालून वर नजर नेताना माणसाला दगड हलका होत जाताना दिसतो. हे करायला एकही सिंह लागलेला नाही.

आत चौक आहे. चारी बाजूंना कमानी. चौकाच्या कोपऱ्यात दोन बाजूंच्या कमानी एकाच सडपातळ खांबावर येऊन टेकतात, आणि वरच्या खिडक्या कोपऱ्यात एकमेकींना खेटतात. जाणकार याला चूक म्हणतात. पुढे दुसऱ्या एका गावच्या राजवाड्यात कोपऱ्याला जाडजूड जोडखांब देऊन ती सुधारली गेली. मला मात्र ती चूक आवडते. पहिल्यांदा काही करणाऱ्याच्या हातून होते, तशी ती आहे.

आणि बाहेर तो कट्टा. घराण्याकडे कामाला आलेले, कर्ज मागायला आलेले, नुसतेच थकलेले, सगळे त्यावर बसत. रस्त्याच्या कोपऱ्यावर खालचा मजलासुद्धा कमानींनी उघडा होता. पुढे एकदा गावाने घराण्याला हाकलून दिलं. बऱ्याच वर्षांनी ते परत आले आणि मग त्या उघड्या कमानी बुजवून तिथे गजांच्या खिडक्या बसवल्या. धडा घेतला असावा. पण कट्टा काही काढला नाही. तो अजून आहे, आणि कुवेतहून गेलेल्या एका बाईने गुडघे दुखले म्हणून त्यावर बसून बूट काढला होता.

मी सरांकडे गेले. "सर, त्यांना खांब नकोयत. त्यांना कट्टा हवाय."

सरांनी फोटो पाहिला, बूटही पाहिला. हसले. "अगं, त्या दमल्या असतील म्हणून बसल्या. म्हणून काय त्यांना रस्त्यावर बसायचंय?"

"विचारू या ना."

"काही विचारायचं नाही. पैसे मुलगा देणार आहे, आणि त्याला काय हवं ते त्याने सांगितलंय. हे बघ, आपण इथे मतं द्यायला आलेलो नाही."

हे वाक्य ते वाईट हेतूने म्हणाले नव्हते. पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतःला ते इतक्यांदा सांगितलं असेल, की आता ते सल्ल्यासारखं तोंडातून यायचं. पण मला ते लागलं. मी सांगलीहून इथे आले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी मत न देता सिंह चिकटवत होते.

मी फोल्डरमधलं डिझाइन गुरुवारपर्यंत दिलं. आणि जेवणाच्या सुट्टीत, डब्याशेजारी लॅपटॉप ठेवून, दुसरं काढायला घेतलं. खाली खडबडीत दगड, मध्ये सपाट, वर गुळगुळीत. आत मोकळा चौक. वर खोल छज्जा. कट्टा कुठे बसवायचा हा खरा प्रश्न होता. बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, हद्दीबाहेर एक वीटसुद्धा ठेवू देत नाही. म्हणून मी रस्त्याकडची भिंतच अर्धा मीटर आत घेतली आणि त्या जागेत कट्टा बसवला. पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, बसल्यावर पाय टेकतील असा. ती बाजू पूर्वेची. दुपारी बारानंतर तिथे घराचीच सावली पडते. उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि त्या वेळात आजूबाजूच्या बांधकामांवरची माणसं सावलीचा तुकडा शोधत भिंतीभिंतीला चिकटून बसलेली मी बघितली होती. फुटपाथवर, पुठ्ठे अंथरून.

घरी नवऱ्याला दाखवलं. त्याने आधी छज्जा किती बाहेर आलाय ते विचारलं. त्याला सगळ्या गोष्टींची मापं हवी असतात. मग म्हणाला, "छान आहे. दाखवू नकोस."

"का?"

"का ते तुला माहितीये."

आमच्या मुलीने मान वर न करताच इंग्रजीत विचारलं, की छान आहे तर दाखवायचं का नाही. त्याने लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला.

बाई आणि त्यांचा मुलगा पुन्हा आले तेव्हा सरांनी मला आत बोलावलं. "तू फक्त लॅपटॉप चालव," असं बाहेरच सांगून ठेवलं. मी चालवला. पडद्यावर खांब आले, घुमट आले, सिंह आले. मुलगा खूश होता. त्याने दारापाशी आणखी दोन खांब सुचवले. बाई काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, वर्गात नापास होणारा निबंध ऐकावा तशा बघत होत्या.

"आवडलं का, मॅडम?" सरांनी विचारलं.

"हे बँकेसारखं आहे," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले की रंग बदलता येईल. मी तेव्हा फार विचार केला असं नाही. दुसरी फाइल उघडली. पडद्यावर खडबडीत दगड आले आणि त्याखाली तो कट्टा.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोणतं?" त्यांनी मराठीत विचारलं, हळू आवाजात.

मी बाईंकडे बघून इंग्रजीत बोलले. "तुमच्या फोटोत घरापेक्षा कट्टा जास्त आहे. तुम्ही त्यावर बसला होता. म्हणून मी हे काढलंय. तुम्हाला हेच हवं होतं का, मला माहीत नाही. पण विचारायला हवं होतं."

बाई उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. बोटाने कट्ट्याची रेघ इकडून तिकडे ओढली. "दिच्चा," त्या म्हणाल्या. मग मला कळावं म्हणून थांबत थांबत सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी, जुन्या शहरात, दाराबाहेर मातीचा असा ओटा असायचा. त्याला दिच्चा म्हणायचे. त्यांचे वडील संध्याकाळी तिथे बसत. पाणी विकणारा यायचा तोही बसायचा, बोटीवरून परतलेला खलाशी बसायचा, आणि लहान मुलींना हाकललं नाही तर त्याही. मग जुनं शहर पाडलं, सगळे मोठ्या घरांत गेले, भिंती आल्या. "तिथे इटलीत मी बसले," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं, हे यांनी ठेवलं. आम्ही का नाही ठेवलं?"

मुलगा म्हणाला, "आई, यावर कोण बसणार माहितीये का? ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले, समोरच्या बांधकामावरचे मजूर."

"बसण्यासाठीच आहे तो," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. मुलाने माझ्याकडे प्रथमच बघितलं आणि सरांना विचारलं, "ही आर्किटेक्ट आहे?"

"ड्राफ्ट्समन," सर म्हणाले.

"आर्किटेक्ट आहे," मी म्हणाले. "परमिटवर वेगळं लिहिलंय."

बाई खुर्चीत परत बसल्या. "या बिंती," त्या मला म्हणाल्या, म्हणजे मुली, "याची उंची थोडी वाढव. माझे गुडघे इतके वाकत नाहीत."

ते गेल्यावर सरांनी केबिनचं दार लावलं. ते ओरडले नाहीत, त्यांना ओरडता येत नाही. "तू मला क्लायंटसमोर खोटं पाडलंस," म्हणाले.

"मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, सर."

"सांगितलं होतंस. आणि मी नाही म्हटलं होतं. त्यानंतर काय उरतं?"

मी लॅपटॉप उचलला आणि माझ्या टेबलाशी आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पत्र आलं, सहीसाठी. त्यात लिहिलं होतं, की मंजूर नसलेलं ड्रॉइंग माझ्याकडून क्लायंटसमोर चुकून उघडलं गेलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही. मी ते तीनदा वाचलं. सही केली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सरांनी ते माझ्या भल्यासाठीच तसं लिहिलं होतं, हे मला कळत होतं. मी पेन घेतलं आणि 'चुकून' हा शब्द खोडला. त्यावर 'जाणूनबुजून' लिहिलं. 'त्याबद्दल मी दिलगीर आहे' खोडलं. 'पुन्हा असं होणार नाही' हे वाक्य खोडलं. मग खाली सही केली. पत्रात तारीख, माझं नाव आणि घडलं ते, एवढंच उरलं होतं.

सरांनी ते वाचलं. "पोटावर पाय येईल तुझ्या," म्हणाले. "मी काही करू शकणार नाही."

"येऊ दे."

घरी आल्यावर मी पत्राचं सगळं सांगितलं. नवऱ्याने चहा केला. भांडला नाही, पण इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोघांचाही स्वतंत्र आहे, एकाचा गेला तर दुसऱ्यावर कसं भागेल याचा हिशोब त्याने मनातल्या मनात केला असणार, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, "भागेल."

मला काढलं नाही. पार्किंगच्या ड्रॉइंगवर बसवलं. चार महिने मी गाड्यांच्या चौकोनांवर नंबर घालत होते. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही. मी दुसरीकडे अर्ज करायला लागले, आणि पुढे एका लहान ऑफिसात लागले, तिथेही ड्राफ्ट्समन म्हणूनच, पण तिथली मुख्य बाई मला साइटवर नेते आणि लोकांना सांगते की हे हिने केलंय. जाताना सरांनी माझा रिलीजचा, म्हणजे नोकरी बदलू देणारा, कागद अडवला नाही. उलट त्यांनीच तो मंदूबकडून, म्हणजे कागदपत्रांची धावपळ करणाऱ्या माणसाकडून, दोन दिवसांत करून घेतला. निरोपाला ते म्हणाले, "कॉलेजात असताना मीही तो राजवाडा काढला होता. छज्जा चुकला होता माझा." बस, तेवढंच.

बाईंच्या हट्टामुळे माझंच डिझाइन पुढे गेलं आणि घर बांधून झालं. सगळं माझ्या ड्रॉइंगप्रमाणे झालं असं समजू नका. चौकावर काचेचं छत आलं आणि एसी लागले. छज्जा निम्मा झाला. मुलाने दाराशी ते दोन खांब उभे केलेच, वर सोनेरी पानं असलेले. मजल्यांच्या दगडातला फरक लांबून नीट दिसत नाही. पण रस्त्याकडची भिंत अर्धा मीटर आत होती, आणि कट्टा होता, पंचेचाळीसऐवजी पन्नास उंच.

फहाहीलला बाजाराला गेलो होतो, एका शुक्रवारी. परतताना मी नवऱ्याला गाडी तिकडे वळवायला लावली. कट्ट्यावर सहा मोठ्या कुंड्या ठेवलेल्या होत्या, अशा अंतराने की कुणालाही टेकता येऊ नये. कुंड्यांत प्लास्टिकची बोगनवेल होती. समोरच्या बांधकामावरची चारपाच माणसं पलीकडे फुटपाथवर बसली होती, उन्हाला पाठ करून.

कट्ट्याची उंची ठरवायला ऑफिसात आल्या होत्या तेव्हा बाईंनी मला त्यांचा नंबर दिला होता. मी फोन केला.

"कुंड्या तुम्ही ठेवल्यात का?"

"कसल्या कुंड्या?" त्यांनी विचारलं. "मी वरच्या मजल्यावर असते. खाली येणं होत नाही."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढ."

"मी काढू?"

"माझं घर आहे. मी सांगतेय."

नवरा म्हणाला, "तू खरंच काढणार आहेस?" मी गाडीतून उतरले. कुंडी एकटीला हलेना. तो उतरला. मुलगीही उतरली, इंग्रजीत कुरकुरत, पण उतरली. आम्ही तिघांनी एकेक कुंडी उचलून खाली भिंतीशी ठेवली. चौथ्या कुंडीला राखणदार बाहेर आला. तेलंगणाचा होता. हिंदीत म्हणाला, "मॅडम, साहेब रागावतील." मी म्हटलं, वरच्या मॅडमना विचारून ये. तो विचारून आला, आणि पाचवी कुंडी त्यानेच उचलली.

पुढच्या शुक्रवारी गेले तर सहाही कुंड्या पुन्हा वर. आम्ही पुन्हा खाली ठेवल्या. तिसऱ्या शुक्रवारी बाईंचा मुलगा स्वतः दारात उभा होता.

"तुला काय मिळतं यातून?" त्याने विचारलं. आवाजात राग होता, पण खरंच जाणून घ्यायचं होतं असंही वाटलं.

"काही नाही."

"मी पोलिसांना बोलावू शकतो."

"बोलवा. तुमच्या आईंना आधी सांगा."

नवऱ्याने माझ्या दंडाला हात लावला. मी कट्ट्यावर दोन कुंड्यांच्या मधे, जेमतेम मावेल एवढ्या जागेत, जाऊन बसले. दगड गार होता. मुलगा आत गेला. पोलीस आले नाहीत.

आता मी दर आठवड्याला जात नाही, जमत नाही. पण महिन्यातून एकदा जातेच. दरम्यान बाईंना लिफ्टने खाली आणायला लागलेत, असं राखणदार सांगतो; दुपारी चारनंतर त्या अर्धा तास बसतात, बूट काढून. समोरच्या बांधकामावरची माणसं तेव्हा उठून जातात आणि त्या त्यांना हाताने बसा म्हणून खुणावतात. कधी बसतात, कधी नाही.

परवा गेले तेव्हा कट्ट्यावर दोनच कुंड्या होत्या, दोन्ही टोकांना. राखणदाराला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्या उचलून खाली ठेवल्या.